आडसाली, सुरू, खोडवा: फॅन्टसी बास्केटबॉलमध्ये तरुण संघ बांधताना

आमच्या फॅन्टसी लीगच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू वाटून घ्यायच्या बैठकीत, मी पंधरापैकी सात रूकी (पहिल्याच हंगामातले नवखे खेळाडू) उचलले. सगळे एकोणीस-वीस वर्षांचे. फोनवर त्यांच्या डंकचे (उडी मारून चेंडू टोपलीत घालण्याचे) व्हिडिओ बघून इतकी खूश होते की त्या रात्री झोप लागेना. मग नोव्हेंबर उजाडला आणि कळलं, की सातपैकी पाच जण सामन्यात जेमतेम दहा मिनिटं खेळतात आणि उरलेले दोघे बाकावर बसून टॉवेल फिरवतात. अख्ख्या हंगामात मी चार आठवडे जिंकले. आमच्या लीगमधले काका मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करतात. ते म्हणाले, "पोरी, लागण केलीस आणि दुसऱ्याच महिन्यात गाळपाला निघालीस की गं!"

त्या टोमण्यातूनच आमच्या लीगची भाषा तयार झाली. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावतात, तो तोडणीला यायला सोळा-अठरा महिने लागतात. सुरू ऊस डिसेंबर ते फेब्रुवारीत लागतो आणि वर्षभरात हाताशी येतो. खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक. त्याला बेण्याचा खर्च नाही, पण दर खेपेला वजन घटत जातं. आता खेळाडूंकडे या. एकोणीस-वीसचा कोरा रूकी म्हणजे आडसाली. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामातला, ज्याला नुकती खेळायला मिनिटं मिळू लागलीत, तो सुरू. आणि तिशी ओलांडलेला, अजून आकडे देणारा पण कधी थांबेल सांगता न येणारा, तो खोडवा. मी पहिल्या वर्षी सगळं शिवार आडसालीखाली घातलं होतं. तरुण संघ बांधणं म्हणजे रूकी गोळा करणं, हा नवख्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज. माझाही तोच होता.

खेळ थोडक्यात असा. एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, खरे खेळाडू आपण आपापल्या कागदी संघात वाटून घेतो. प्रत्यक्ष सामन्यांत ते जे आकडे करतात ते आपल्या संघाच्या खात्यात जमा होतात. दर आठवड्याला आपली एकाशी गाठ असते. साधारण नऊ रकाने मोजतात: पॉइंट, रिबाउंड (चुकलेल्या फेकीचा चेंडू पकडणं), असिस्ट (ज्यावर बास्केट होतं तो पास), स्टील (चेंडू हिरावणं), ब्लॉक (फेक अडवणं), तीन पॉइंटांचे बास्केट, फील्ड गोलची (चालू खेळातल्या फेकींची) टक्केवारी, फ्री थ्रोची (फाउलनंतरच्या मोकळ्या फेकींची) टक्केवारी आणि टर्नओव्हर (चेंडू गमावणं). यातला टर्नओव्हर जितका कमी तितका चांगला. पाच रकाने जिंकले की आठवडा आपला. काही लीगमध्ये रकाने नसतात, सगळ्याचे मिळून गुण करतात. ते सोपं असतं, पण मला त्यात मजा वाटत नाही.

पैशांचं आधीच सांगून टाकते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या कायद्याने बंदी आली. आमच्या लीगमध्ये पहिल्यापासूनच पैसा नाही. जो शेवटचा येतो तो पुढच्या ड्राफ्टला सगळ्यांना भडंग आणि चहा देतो. पहिल्या वर्षी तो मान कुणाचा होता हे वेगळं सांगत नाही.

आधी नियम वाचा, मग नावं

कुठल्याही लीगमध्ये बसण्याआधी एक प्रश्न विचारायचा: वर्ष संपल्यावर किती खेळाडू आपल्याकडे राहतात? उत्तर 'एकही नाही' असेल, तर तरुण संघाचा विचार सोडून द्या. दरवर्षी पाटी कोरी होणार असेल तर पोराला वाढवून ते दुसऱ्याच्या हवाली करण्यात काय अर्थ? तीन-चार खेळाडू राहत असतील तर ती कीपर लीग. तिथे एक-दोन तरुण पुरे. बहुतेक सगळे राहत असतील तर ती डायनेस्टी लीग, आणि हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे. याहू आणि ईएसपीएनवर फुकट लीग काढता येते. आम्ही मात्र फॅनट्रॅक्सवर गेलो, कारण तिथे पुढच्या वर्षांचे पिकसुद्धा (ड्राफ्टमधल्या निवडीच्या पाळ्या) ट्रेडमध्ये, म्हणजे अदलाबदलीत, देता-घेता येतात.

मग एक छोटा हिशोब करा. आम्ही बारा जण आणि प्रत्येकाकडे पंधरा, म्हणजे एकूण १८० खेळाडू. एनबीएत ३० संघ आहेत. म्हणजे प्रत्येक संघातले सरासरी सहा जण आमच्यात वाटले जातात. जो पोरगा आपल्या खऱ्या संघात आठवा-नववा आहे, तो या वर्षी तुमच्या बाकावरची जागा अडवण्यापलीकडे काही करणार नाही. तुमची लीग वीस जणांची असेल तर गणित बदलतं, तिथे नववा माणूसही कामाचा ठरतो. जखमींसाठी वेगळी जागा किती, हेही बघून ठेवा. तरुण संघाला ती जागा सोन्याच्या भावाची असते, ते पुढे येईलच.

जिंकायचं कधी, ते ठरवा

हे न ठरवता ड्राफ्टला बसणारे लोक दरवर्षी दिसतात. त्यांच्याकडे एकोणीसचे तिघे, तेविसाचे दोघे आणि पस्तिशीचे चौघे असतात. पोरं पिकेपर्यंत म्हातारे निवृत्त होतात आणि संघ कायम सहावा-सातवा येत राहतो.

बास्केटबॉलपटू साधारण पंचवीस ते एकोणतीस या वयात भरात असतो. तुम्हाला तिसऱ्या वर्षी जिंकायचं असेल तर संघाचा कणा आज एकवीस ते चोवीसचा हवा. एकोणीसचा नव्हे. मी माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे आजचं वय लिहीत नाही, जिंकायच्या वर्षीचं वय लिहिते. या एका सवयीने अर्धी नावं आपोआप गळतात.

वय नव्हे, मिनिटं

आता मुख्य गोष्ट. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा आणि मैदानात एका वेळी पाच जण. म्हणजे एका संघाकडे सामन्यामागे वाटायला फक्त २४० मिनिटं असतात. पाटाच्या पाण्यासारखं आहे हे. पाणी तेवढंच, आणि पाळी कुणाची ते वरचा ठरवतो. तुमचं बेणं कितीही जातिवंत असू दे, पाळी आली नाही तर वाढणार कसं?

टायरीस मॅक्सीचं बघा. २०२० च्या खऱ्या एनबीए ड्राफ्टमध्ये, जिथे संघ नवे खेळाडू निवडतात, तो एकविसावा. पहिल्या हंगामात सामन्याला पंधरा मिनिटं आणि ८ पॉइंटांची सरासरी. पुढच्या वर्षी त्याच्याच फिलाडेल्फिया संघाचा बेन सिमन्स खेळायलाच उतरला नाही, मॅक्सीची मिनिटं पस्तीसवर गेली आणि सरासरी १७.५ वर. पोरगा एका उन्हाळ्यात दुप्पट शहाणा झाला नव्हता. दार उघडलं होतं.

त्याहून बोलकं उदाहरण डायसन डॅनियल्सचं. हा ऑस्ट्रेलियाचा पोरगा २०२२ मध्ये आठवा निवडला गेला. न्यू ऑर्लिन्समध्ये दुसऱ्या हंगामात साधारण बावीस मिनिटं खेळायचा, ५.८ पॉइंट आणि १.४ स्टील. लोक त्याला कंटाळले. २०२४ च्या उन्हाळ्यात तो ट्रेडमध्ये अटलांटाला गेला, तिथे जवळपास चौतीस मिनिटं मिळाली, आणि सामन्याला ३ स्टील करून तो सगळ्या लीगमध्ये पहिला आला. सर्वात जास्त सुधारलेल्या खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

आता कागद-पेन घ्या. बावीस मिनिटांत १.४ स्टील, तर छत्तीस मिनिटांत किती? १.४ ला २२ ने भागा आणि ३६ ने गुणा: २.३ च्या आसपास. म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या आकड्यांतच तो चोर लपलेला होता, फक्त त्याला वेळ मिळत नव्हता. ही छत्तीस मिनिटांची मोजणी प्रत्येक तरुणासाठी करायची. मात्र सामन्याला दहा मिनिटांपेक्षा कमी खेळणाऱ्यासाठी ती करू नका. हरलेल्या सामन्याच्या शेवटी दमलेल्या लोकांसमोर केलेले आकडे वाढवून काही हाती लागत नाही.

मग मिनिटं कुणाला मिळणार हे ओळखायचं कसं? मी तीन गोष्टी बघते. त्याच्या जागेवर त्याच्या पुढे कोण आहे आणि त्याचा करार किती उरलाय. संघ यंदा जिंकायच्या तयारीत आहे की नव्याने बांधणी करतोय, कारण जिंकायला निघालेला प्रशिक्षक पोरांच्या चुका सोसत नाही. आणि तिसरं, कराराची खूण. पहिल्या फेरीतल्या रूकीचे पहिले दोन हंगाम पक्के असतात. तिसऱ्या आणि चौथ्याचा निर्णय संघाच्या हातात असतो. तिसऱ्या हंगामाचा निर्णय दुसरा हंगाम सुरू होतानाच, ऑक्टोबर संपेपर्यंत घ्यावा लागतो. संघाने तिथेच नकार दिला तर समजायचं, की रोज सरावात त्याला बघणाऱ्यांचाही विश्वास उडालाय. मग आपण सांगलीत बसून आशा कशाला धरायची?

रूकी घ्यायचेच तर

घ्या, पण दोन-तीन. आणि ड्राफ्टच्या क्रमांकाला देवासारखं पुजू नका. २०१३ चा पहिला क्रमांक अँथनी बेनेट, पहिल्या हंगामात ४.२ पॉइंट, आणि पुढे फारसं काही झालं नाही. त्याच ड्राफ्टमध्ये पंधरावा होता यानिस आंटेटोकुम्पो. पहिल्या वर्षी त्याचीही सरासरी ६.८ च होती, मग १२.७, १६.९, २२.९ अशी चढत गेली. निकोला योकिच २०१४ मध्ये एक्केचाळिसावा निघाला आणि २०२१, २०२२, २०२४ असा तीनदा एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. शे गिलजस-अलेक्झांडर २०१८ मध्ये अकरावा होता, पहिल्या वर्षी १०.८. पहिल्या हंगामानंतर त्याच्या संघानेच त्याला नावाजलेल्या पॉल जॉर्जसाठी ट्रेडमध्ये देऊन टाकलं. २०२४-२५ मध्ये ३२.७ च्या सरासरीने तो एमव्हीपी झाला. डायनेस्टीमध्ये पहिल्या वर्षानंतर त्याला सोडून देणाऱ्या माणसाचा चेहरा मला फार वेळा डोळ्यांसमोर येतो.

एक फरक मात्र अनुभवाने सांगते. उंच, ब्लॉक करणारा पोरगा पहिल्या दिवसापासून आकडे देतो. हात लांब असले की लांब असतात, ते शिकावं लागत नाही. व्हिक्टर वेम्बान्यामाने २०२३-२४ च्या पहिल्याच हंगामात सामन्याला ३.६ ब्लॉक केले, अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक. त्याला तर कुणीही ओळखलं असतं. पण वॉकर केसलर बावीसावा निवडला गेला होता, आणि त्यानेही पहिल्या वर्षी २.३ ब्लॉक केले, वर ७२ टक्के फील्ड गोल. गार्डचं, म्हणजे चेंडू खेळवत पुढे नेणाऱ्याचं, उलट असतं. चेंडू त्याच्या हातात असतो, म्हणून चुकाही त्याच्याच. पहिली एक-दोन वर्षं टक्केवारी खाली आणि टर्नओव्हर वर. असा पोरगा घेतलात तर दोन वर्षं विसरून जा.

आणि दुखापत. चेट होल्मग्रेन २०२२ मध्ये दुसरा निवडला गेला आणि पायाच्या दुखापतीने पहिला हंगाम एकही सामना खेळला नाही. पुढच्या वर्षी ८२ च्या ८२ सामने खेळला. ज्यांच्याकडे जखमींची रिकामी जागा होती त्यांनी त्याला वर्षभर तिथे झाकून ठेवलं. बाकीच्यांना सोडावा लागला. झायन विल्यमसनची गोष्ट उलटी. २०१९ चा पहिला क्रमांक, पहिल्या वर्षी २४ सामने, पुढे २०२१-२२ पूर्ण हंगाम बाहेर. एक दुखापत माफ करावी, सारखी होणारी करू नये. पुन्हा पुन्हा त्याच पायाला किंवा गुडघ्याला होत असेल तर ट्रेडमध्ये दुसऱ्याच्या गळ्यात घालायची संधी शोधा. हे लिहिताना थोडी लाज वाटतेय, पण खेळ आहे.

ड्राफ्टच्या रात्री

आमचा ड्राफ्ट ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या एखाद्या रविवारी असतो. तिघे पुण्यातून फोनवर, बाकीचे विश्रामबागेत आमच्या गच्चीवर. दुसऱ्या वर्षी चौथ्या फेरीला वीज गेली, वायफाय गेलं, आणि माझ्या फोनमधला डेटा आधीच संपला होता. वेळ संपली की ॲप स्वतःच खेळाडू उचलतं. तुम्ही स्वतःची यादी भरून ठेवली नसेल तर ते आपल्या क्रमवारीतून उचलतं, आणि ती क्रमवारी बहुतेक वेळा फक्त यंदाच्या हंगामाचा विचार करते. मी परत जोडले जाईपर्यंत माझ्या तरुण संघात तेहतीस आणि चौतीस वर्षांचे दोन गृहस्थ येऊन बसले होते. तेव्हापासून आदल्या दिवशी किमान ऐंशी नावांची यादी ॲपमध्ये भरते.

यादी ओळीने एक ते ऐंशी अशी करू नका, थर लावा. ज्यांच्यापैकी कुणीही आला तरी मला सारखाच आनंद होईल, ते सगळे एका थरात. याचा उपयोग काय ते सांगते, कारण नवख्यांची इथेच सर्वात जास्त गफलत होते. ड्राफ्ट नागमोडी चालतो. पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसऱ्यात उलटं बारा ते एक. समजा तुमचा नंबर तिसरा आहे. तुमच्या पाळ्या येतात ३, २२, २७, ४६, ५१, ७० अशा. आता २२ आणि २७ च्या मध्ये बघा, चारच नावं जातात, आणि ती फक्त दोन माणसं घेतात: पहिल्या आणि दुसऱ्या नंबरवाले, प्रत्येकी दोनदा. म्हणजे २२ ला तुम्हाला सगळ्या बारा जणांचा अंदाज बांधायचा नाहीये. त्या दोघांच्या संघात काय आहे ते बघा. दोघांकडेही दोन-दोन सेंटर (टोपलीजवळ खेळणारे उंच खेळाडू) असतील, तर तुमचा सेंटर २७ ला बहुतेक तसाच मिळेल, २२ ला गार्ड उचला. उलट २७ नंतर तुमची पाळी थेट ४६ ला. मध्ये अठरा नावं जातात. म्हणून २७ ला तो घ्यायचा, ज्याच्या थरात त्याच्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. थरात सहा-सात नावं शिल्लक असतील तर तो थर थांबू शकतो.

फेऱ्यांची माझी विभागणी ढोबळ आहे. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पंचविशीच्या आतला, पण सिद्ध झालेला. इथे आशेवर खेळायचं नाही. चौथी ते नववी फेरी ही सुरू उसाची, सगळं लक्ष इथे. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामातली पोरं, ज्यांचं पहिलं वर्ष बेताचं गेलं म्हणून लोकांचं मन उडालंय. बाजाराला नवं नाव आवडतं. यंदाचा रूकी सहाव्या फेरीत जातो आणि गेल्या वर्षीचा तितकाच चांगला रूकी नवव्यात पडून असतो. दहाव्यानंतर दोन-तीन आडसाली. आणि हो, दोन खोडवे. तुम्ही तरुण संघ बांधताय म्हणून बाकीचे म्हातारे तुमच्यासाठी अस्पृश्य होत नाहीत. शेवटच्या फेऱ्यांत तिशीपारचा चांगला माणूस फुकटात मिळतो, आणि जानेवारीत त्याला गिऱ्हाईक येतं.

लिलावाचा ड्राफ्ट असेल तर वेगळं तंत्र. प्रत्येकाला सारखेच खोटे पैसे आणि बोली लावायची. आम्ही एकदाच केला. हळदीचे सौदे रोज बघणाऱ्या काकांनी आम्हाला इतकं झुलवलं, की आम्ही परत नागमोडीवर आलो.

रकान्यांवर पाणी सोडणं

तरुण संघ नऊही रकाने जिंकणार नाही. मग ठरवून एक-दोन रकान्यांवर पाणी सोडायचं. सगळ्यात पहिला मान टर्नओव्हरचा. पोरं चेंडू घालवणारच, त्याचं दुःख करत बसायचं नाही. दुसरा रकाना तुमच्या पहिल्या खेळाडूवर ठरतो. तो ब्लॉक करणारा, फ्री थ्रो चुकवणारा उंच माणूस असेल, तर फ्री थ्रो सोडून द्या आणि तसेच आणखी दोन घ्या. इतरांना ते परवडत नाहीत, म्हणून तुम्हाला स्वस्त पडतात.

टक्केवारीत नवखे फसतात. समजा आठवड्यात तुमच्या सेंटरने ४० फ्री थ्रोपैकी २४ आत घातले, म्हणजे ६० टक्के. गार्डने १० पैकी ९, म्हणजे ९० टक्के. मनात येतं ७५. प्रत्यक्षात ५० पैकी ३३, म्हणजे ६६. किती वेळा फेकतो याला वजन आहे. त्यामुळे एका जबरदस्त पण कमी फेकणाऱ्या नेमबाजाने वाईट टक्केवारी सुधारत नाही, तो खर्च करू नका.

आणि पॉइंटांच्या मागे धावू नका. व्हिडिओत पॉइंटच दिसतात, म्हणून त्यांचा भाव चढलेला असतो. स्टील आणि ब्लॉक कुणी नाचून दाखवत नाही.

हंगाम चालू असताना

वेळेचं गणित आपल्याला सोयीचं आहे. नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो, पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी साडेआठला. अमेरिकेत घड्याळ पुढे असतं त्या दिवसांत एक तास आधी. म्हणजे रात्री जेवण झालं की जखमींची यादी बघायची, लाइनअप (त्या दिवशी कोण खेळणार ती यादी) लावायची, आणि झोपायचं. मी पहाटे एकदा उठून परत बघते, पण ते वेड आहे, सल्ला नाही. एखाद्या संघाचे आठवड्यात दोन सामने असतात, एखाद्याचे चार. चार सामने खेळणारा साधा पोरगा दोन सामने खेळणाऱ्या नामांकितापेक्षा जास्त जमा करतो. रविवारी रात्री एवढं बघितलं तरी खूप.

पहिल्या सहा आठवड्यांत कुणालाही काढू नका, एक अपवाद सोडून: ज्याची मिनिटं घटत चाललीत. फेकी चुकताहेत पण मिनिटं तीसच्या वर आहेत, तर प्रशिक्षकाचा विश्वास आहे. फेकी लागताहेत पण मिनिटं चोवीसवरून सतरावर आलीत, तर काहीतरी शिजतंय.

ट्रेडचा खरा हंगाम डिसेंबर-जानेवारी. तोवर कोण जिंकायच्या शर्यतीत आहे ते दिसू लागतं आणि शर्यतीतल्या माणसाला धीर नसतो. आपले खोडवे तेव्हा काढायचे. बदल्यात दुसऱ्या वर्षाचा पोरगा आणि जमलं तर पुढचा पिक मागायचा. मला पहिला चांगला सौदा काकांबरोबरच जमला. त्यांना रिबाउंड कमी पडत होते, माझ्याकडे तेहतिशीचा एक सेंटर होता.

"काका, तुमच्या बाकावरचा तो पोरगा द्या."

"तो? तो खेळतोय कुठं? ने की."

तो त्या वेळी अठरा मिनिटं खेळत होता. फेब्रुवारीत त्याच्या संघाने त्याच्यापुढचा माणूस ट्रेडमध्ये देऊन टाकला. एनबीएची ट्रेडची मुदत फेब्रुवारीत असते, आणि तिच्यानंतरचे दोन महिने तरुण संघवाल्यांची सुगी. हरलेले संघ म्हाताऱ्यांना विश्रांती देतात, पोरांना मोकळं रान मिळतं. नेमके त्याच सुमाराला आपल्या लीगचे बाद फेरीचे सामने असतात. पण तरुणांनाही अचानक बाहेर बसवलं जातं, हे विसरू नका. २०२५ च्या फेब्रुवारीत वेम्बान्यामाच्या खांद्यात रक्ताची गुठळी सापडली आणि त्याचा हंगाम ४६ सामन्यांवर संपला. एकाच पोरावर सगळा भार टाकलेले आमच्यातले एक दादा त्या वर्षी बाद फेरीत पहिल्याच आठवड्यात बाहेर पडले.

मुद्दाम हरणं

तरुण संघवाल्यावर हा आरोप कायम होतो. पुढच्या वर्षीचा पहिला पिक शेवटच्याला मिळत असेल तर लोक जखमी माणसं मैदानात ठेवून हरतात. खुद्द एनबीएलाही हे दुखणं आहे. म्हणून तिथे सोडत असते, आणि २०१९ पासून तळाच्या तीन संघांना पहिल्या पिकची प्रत्येकी १४ टक्केच संधी मिळू लागली. २०२५ मध्ये तर डॅलसने १.८ टक्क्यांच्या संधीवर पहिला पिक मारला आणि कूपर फ्लॅगला नेलं. आमच्याकडे सोडत नाही. बाद फेरीत न पोहोचलेल्या संघांची वेगळी छोटी स्पर्धा घेतो, आणि ती जिंकेल त्याला पहिला पिक. शेवटपर्यंत सगळे लाइनअप लावतात. नवी लीग काढत असाल तर हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, नंतर कुणी मान्य करत नाही.

उन्हाळ्यात काम नसतं असं वाटतं, तेवढंच. खरा एनबीए ड्राफ्ट जूनच्या शेवटी होतो, आपल्याकडे पहाटे. मग जुलैत मुक्त खेळाडूंच्या बदल्या सुरू होतात आणि कुणाच्या पुढचं दार उघडलं, कुणाचं बंद झालं, ते दिसायला लागतं. ऑक्टोबरच्या वहीतली निम्मी पानं मी या दिवसांतच भरते. आमचा छोटा रूकी ड्राफ्ट जुलैच्या पहिल्या रविवारी असतो. आडसालीच्या लागणी त्याच सुमाराला सुरू होतात, म्हणून काका दरवर्षी शेतावरून, चिखलाच्या पायांनी फोनवर बसतात. यंदा माझ्याकडे त्यांचा पिक आहे. त्यांना तो परत हवाय, आणि बदल्यात ते परत तेहतिशीचाच सेंटर देताहेत.